व्हायोलिनची वाकडी पाठ

"बंद कर! बंद कर लवकर!" ताई ओरडली.

तिच्या भावानं, घरच्या 'शास्त्रज्ञा'नं, लाल बटण दाबलं. घरघर थांबली. यंत्राचं पातं पुन्हा रेघ सोडून भलतीकडेच गेलं होतं. सरावाची तिसरी फळी वाया!

जुन्या प्रिंटरच्या मोटारी आणि ड्रॉवरच्या पट्ट्या जमवून ताई, तिचा भाऊ शास्त्रज्ञ आणि धाकटी बहीण भिंगरी यांनी सुट्टीत हे यंत्र बनवलं होतं. कॉम्प्युटरवर आकार काढला की यंत्र तो लाकडात कोरणार! सगळा खटाटोप आजोबांसाठी. जन्मभर व्हायोलिनं घडवलेले त्यांचे हात आता थरथरायचे. दोन वर्षांत त्यांनी पटाशी धरली नव्हती. व्हायोलिनच्या पाठीसाठी मुरलेली चांगली फळी एकच उरली होती.

"उद्या हे खेळणं भंगारात!" आजोबांचे चिरंजीव, सुतारकाका, कडाडले. "बाबांच्या फळीला हात लावलात तर याद राखा!"

आजोबांनी ती फळी उचलून कपाटात ठेवली. ताईला तेच जास्त लागलं.

"कॉम्प्युटर बरोबर आहे," शास्त्रज्ञ पुटपुटला. "सुरुवात नीट होते, मग घसरतं."

"मग घसरतंय काय ते बघ की, शहाण्या!" ताई खेकसली.

भिंगरीनं मोटारीचा दांडा आणि त्यावरची, पात्याला सरकवणारी नळी, दोन्हींवरून मार्करनं एकच रेघ ओढली. पाच मिनिटं यंत्र चालवलं. रेघेचे दोन तुकडे! नळी दांड्यावर सैल पडून घसरत होती.

ताईनं नळीचा बारीक स्क्रू काढला. बोटांना बुळबुळीत लागला. हे स्क्रू कुणी बसवले होते, ते तिघांनाही आठवलं.

"काका," ताई साळसूदपणे म्हणाली, "स्क्रू कसा बसवायचा हो?"

"आधी साबणावर घासायचा! लोण्यासारखा आत जातो. तुमच्या यंत्राचेही मी तसेच..." काका थबकले.

"लाकडात ठीक आहे, काका. पण या स्क्रूनं लोखंड आवळून धरायचंय. साबणामुळे तो हादऱ्यानं सैल होतो!"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी निमूटपणे फडकं घेतलं, एकेक स्क्रू पुसून घट्ट आवळला.

आता खरी फळी. ताईचा हात बटणावर अडला. "चुकलं तर?"

"लाव," आजोबा म्हणाले. फळी त्यांनी स्वतःच आणून ठेवली होती.

दोन तास यंत्र घरघरत राहिलं. भुशातून हळूहळू व्हायोलिनची पाठ वर आली. आजोबांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"शाबास, पोरांनो! उमेदीत माझीही कड इतकी सारखी यायची नाही."

"माझंच चुकलं," काका म्हणाले. "पोरांनी शोधून काढलं."

आजोबांनी सँडपेपर मागून घेतला. हात थरथरत होता, पण लाकडावर टेकल्यावर चालू लागला.

"सुट्टी किती उरली?" त्यांनी विचारलं.

"नऊ दिवस."

"मग बसलात काय? पुढची बाजू कोण कोरणार?"