अहो, बघा हो कोण आलंय

आत्ता तुमच्या काकूने आतून 'अहो' म्हणून हाक मारली आणि मी चहा अर्धा टाकून 'आलो, आलो' करत उठलो, तर तुम्ही सगळ्यांनी दात काढलेत. काढा. बायकोला घाबरतो म्हणा, काय वाटेल ते म्हणा. पण त्या हाकेला दुसऱ्या कोणी ओ द्यायच्या आत आपण द्यावी, हे मी गेल्या नोव्हेंबरात शिकलो. बसा, सांगतो. दार जरा लोटून घे रे, गार वारं येतंय. कडी नको लावू... नुसतं लोट.

एक बाई माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आली तेव्हा हातात यादी होती. लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची, गल्लीतली पोरं तिला सुईवाली मावशी म्हणायची. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. पदरी नऊ वर्षांची मुलगी, आणि गल्लीच्या टोकाला तळमजल्यावरचं भाड्याचं घर. त्या महिन्यात गल्लीतली दोन घरं फुटली होती. जाळीचं दार बसवून द्या म्हटलं, तर घरमालकाने हात वर केले. मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, थोडक्यात भागेल असं काय ते सांगा. मी स्वतः बसवणार आहे."

असं गिऱ्हाईक आलं की मला हुरूप येतो. मी सांगत सुटलो. चोर लाथ घालतो तेव्हा कुलूप तुटत नाही, बिजागरीचे बोटाच्या पेराएवढे स्क्रू उपटून येतात. म्हणून चार इंची लांब स्क्रू दिले, बारा, पुडीत बांधून. सरकत्या खिडक्यांच्या खाचेत आडवे टाकायला पाइपचे तुकडे कापून दिले. दाराच्या आतल्या बाजूला दोरीवर रिकामे डबे टांगायला सांगितले, कोणी ढकललं की वाजतील. मागचं दार खिळे ठोकून बंदच करायचं. पुढच्या दाराला आतून कुलूप, आणि किल्ली लांब, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला, म्हणजे खिडकीतून हात घालून कोणाला मिळायची नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण माझी जीभ. म्हणालो, "आणखी एक फुकटातली युक्ती सांगतो. भंगारवाल्याकडून पुरुषाचे मोठे बूट आणा आणि दाराबाहेर ठेवा. बेल वाजली की उघडण्याआधी आत तोंड करून मोठ्याने म्हणायचं, अहो, बघा हो कोण आलंय."

ती हसायला लागली. "काका, मी नवऱ्याला कधी अहो म्हटलं नाही. नावानेच हाक मारायचे."

"मग तर उत्तमच. नाव घेतलं की लोक विचारतात, हा कोण. अहो म्हटलं की कोणी काही विचारत नाही."

आता कळतं. नाव न घेता हाक मारली की ती कोणालाही लागू पडते. आणि हे तिला शिकवलं मी.

दोन आठवडे झकास गेले. दारोदार फिरणारे विक्रेते ती हाक ऐकूनच पाय काढता घ्यायचे. लॅबमध्ये ती माझी युक्ती सगळ्यांना रंगवून सांगायची. एका संध्याकाळी अभ्यास करता करता मुलीने विचारलं, "आई, बाबांना तू नावाने हाक मारायचीस ना?"

"हो."

"मग अहो कोण?"

"कोणी नाही गं. नाटक आहे ते."

मुलीने वहीत एक ओळ लिहिली. मग म्हणाली, "त्यांना सांगितलंयस का, नाटक आहे म्हणून?"

तिने हसण्यावारी नेलं. पुढे एकदा कुरिअरवाला दारात म्हणाला, "सावकाश होऊ द्या ताई. साहेब आलो म्हणाले, म्हणून थांबलो." तिला वाटलं, शेजारचा टीव्ही ऐकला असेल.

मग ती रात्र आली. सतरा नोव्हेंबर, सोमवार. दहा वाजून वीस मिनिटं. मुलगी आतल्या खोलीत झोपलेली. हिने कुलूप घातलं, डबे टांगले, पाइप टाकले, किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला लावली. मोबाइल तिथेच चार्जिंगला लावला. दिवा घालवून बाहेरच्या खोलीत आली, तेवढ्यात बेल वाजली.

सवयीने तोंडातून गेलं, "अहो, बघा हो कोण आलंय."

स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"आलो."

साधा आवाज. वाचत बसलेला माणूस उठता उठता बोलतो ना, तसा.

बाहेर रखवालदार होता, चोऱ्या झाल्यावर गल्लीने नवा ठेवलेला. तो दारापलीकडून म्हणाला, "असू द्या साहेब, उठू नका. बाहेरचा दिवा बंद दिसला म्हणून आलो. झोपा तुम्ही." आणि काठी आपटत निघून गेला. घरात पुरुषमाणूस आहे म्हणून निर्धास्त होऊन गेला हो.

तिला ओरडायचं होतं. पण ओरडलं तर आधी आतला ऐकणार. समोर कुलूप. किल्ली स्वयंपाकघरात. मोबाइल स्वयंपाकघरात. आणि स्वयंपाकघरात... खुर्ची सरकली.

ती मुलीच्या खोलीत धावली आणि दार लोटून त्याला पाठ लावून बसली. त्या दाराला कडी नव्हती. आतूनही नाही, बाहेरूनही नाही. सगळा बंदोबस्त तिने बाहेरच्यासाठी केला होता.

पावलं आली. बूट घातलेली. घाई नाही. पुढच्या दाराशी थांबली. कुलूप ओढून पाहिलं. मग खिडकी. पाइप चाचपला. दुसरी खिडकी. दुसरा पाइप. घरचा माणूस झोपण्यापूर्वी करतो, तसं सगळं.

मग पावलं ह्या दाराशी आली.

थांबली...

दार हलकेच ढकलून पाहिलं. तिने पाय भिंतीला रोवले. दार जरासं हललं. पलीकडून कोणीतरी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. काहीतरी नीट बसवलेलं नसलं की मी करतो, तसं.

पावलं गेली. परत आली.

मग आवाज... किर्र. थांबून पुन्हा... किर्र.

तिला आधी कळेना. मग पाठीला टोचलं. खांद्याच्या खाली. लाकडातून काहीतरी हळूहळू बाहेर येत होतं. ती पुढे सरकली, पण पाय काढले नाहीत. अंधारात बोट लावून पाहिलं.

स्क्रूचं टोक.

थोड्या वेळाने दुसरं.

मुलगी जागी झाली. तिने मुलीच्या तोंडावर हात ठेवला. मुलगी हाताआडून एवढंच पुटपुटली, "अहो आहेत का?"

तिने हात आणखी घट्ट दाबला.

पहाटे साडेपाचला दूधवाल्याची सायकल वाजली, तेव्हा तिने खिडकीतला पाइप उपसला आणि गजांतून हाका मारल्या. पुढचं दार काढायला गल्लीतल्यांनी मलाच बोलावलं. माझेच स्क्रू, बिजागऱ्या कापायला दीड तास लागला. दोन्ही बूट बाहेर जागच्या जागी होते. डबे तसेच टांगलेले, कुलूप बंद, किल्ली खिळ्याला, मागच्या दाराचा एक खिळा हललेला नाही. तिने पाणी पीत पीत मला हे सगळं सांगितलं, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवेना. त्याच दिवशी माय-लेकी भावाकडे गेल्या. सामान न्यायलासुद्धा ती स्वतः आली नाही.

नंतर घरमालकाने मला आतल्या खोलीच्या दारावरची कडी काढायला सांगितलं. हो, कडी. बाहेरच्या बाजूने बसवलेली. जुनी, लोखंडी, माझ्या दुकानातली नव्हे. बॅटरीच्या उजेडात नीट पाहिली. काम नवशिक्याचं नव्हतं. फक्त स्क्रू गरजेपेक्षा फार लांब होते, कारण घरात तेवढेच होते. ती बारा घेऊन गेली होती. पुढच्या दारातून आठ मी स्वतः मोजून काढले होते. पुडी ओट्यावर रिकामी पडली होती.

उरलेले चार त्या कडीत होते. दोन फळीत, दोन चौकटीत. तेल घातलं, हातोडी मारली, सगळा जोर लावला... माझ्याने एकही हलला नाही.