बकेटच्या दातावरचं कुंकू

खंडेनवमी तोंडावर आली होती आणि हिंदुराव पोवाराच्या मशीनचे सांधे खिळखिळे झाले होते.

मशीन म्हणजे एक छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या पाठीला खोदायचा लोखंडी हात. खांदा, कोपर, मनगट, आणि मनगटाला दातेरी बकेट. प्रत्येक सांध्यात एक जाड पिन, तिच्याभोवती बुश नावाची लोखंडी नळी. मुरूम उकरून उकरून पिना झिजल्या होत्या, बुश लंबगोल झाले होते. बंद मशीनची बकेट नुसती हलवली तरी खडखड वाजायची. काम करताना मात्र यातलं काही म्हणजे काही जाणवत नसे, कारण सीटखाली सावऱ्या होता.

सावऱ्या ही काही हिंदुरावाची एकट्याची चैन नव्हती. बसच्या स्टिअरिंगपासून शिवणयंत्रापर्यंत हल्ली तो सगळीकडे बसवलेला असे. चालवणाऱ्याच्या हाताची हालचाल आधी या डबीत जाई. कुठे किती ढिलाई आहे ते ओळखून डबी ती हालचाल सुधारी आणि मगच पुढे पाठवी. झिजलेलं यंत्र नव्यासारखं चाले. मग दुरुस्तीच्या भानगडीत पडतो कोण?

हिंदुराव पडला होता. दरवर्षी खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली, की गल्ली त्याच्या अंगणात जमायची. बायको वैजंता ताट धरून उभी राहायची. ताटात निरांजन, नारळ आणि कुंकवाची वाटी. हिंदुराव बकेटचा मधला दात वाटीत हलकेच टेकवायचा आणि तेच कुंकू नारळाला लावायचा. ना नारळ हलायचा, ना निरांजन विझायचं. "हात हाय का काय!" असं माणसं म्हणायची आणि हिंदुरावाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्याच हाताच्या भरवशावर वैजंता वर्षभर त्याने खोदलेल्या चरात उतरून पाइप धरायची. बकेट तिच्या डोक्यापासून वीतभरावरून जायची, पण तिने कधी मान वाकवली नव्हती.

"सावऱ्या हाय की. कशाला सांधे उसवत बसलाय?" तिने विचारलं.

"देवापुढं लंगडं जनावर उभं करतंय का कोण?" हिंदुराव म्हणाला.

पिना त्याने गडहिंग्लजच्या लेथवर कातून आणल्या होत्या. नवे बुश कुल्फीवाल्या मुल्लाच्या फ्रीजमध्ये ठेवले होते, कारण थंडीने लोखंड आकसतं आणि घट्ट भोकात अलगद बसतं. लोखंडी हाताखाली लाकडी ठोकळे लावून त्याने तेलाचा दाब सोडला, पितळी गजाने जुन्या पिना ठोकून काढल्या, भोकं घासूनपुसून दव धरलेले बुश आत सरकवले. नव्या पिना घालून ग्रीस भरलं. बकेट धरून गदागदा हलवली. आवाज नाही!

आता सावऱ्याला जुनी ढिलाई विसरायला लावणं भाग होतं, नाहीतर नसलेली चूक तो सुधारत बसला असता. हिंदुरावाने त्याची पाटी कोरी केली. दांड्यांपाशी असलेल्या त्याच्या छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'सांधे मोजले. हात शिकू का?'

हा प्रश्न त्याने पूर्वी पाहिला नव्हता. डबी बसवताना कंपनीच्या मेकॅनिकने परस्पर 'हो' दाबून टाकलं होतं.

"माझा हात शिकणार हे? कालचं पोर!" असं म्हणून त्याने 'नको' दाबलं.

रंगीत तालीम म्हणून वैजंता रिकामं ताट घेऊन उभी राहिली. बकेट झोकात खाली आली, आणि ताटाजवळ येताच थरथरायला लागली.

"अवो, थांबा!"

ताट उडालं. लोखंडी दात तिच्या मनगटाला घासून गेला. हिंदुरावाने उडी मारली.

"लागलं का गं?"

"खरचटलंय. बांगड्या वाढल्या दोन." सवयीने तिने 'फुटल्या' म्हणणं टाळलं, पण तिचा चेहरा उतरला होता.

हिंदुरावाने लेथवाल्याच्या नावाने शिमगा केला. कोपराची पिन पुन्हा काढली, पाहिली, बसवली. चोख होती. स्टुलावर कुंकवाची वाटी ठेवून त्याने पुन्हा बकेट नेली. पुन्हा तीच थरथर.

"उतरा. मला बसू द्या," वैजंता म्हणाली. मशीन इकडचं तिकडे करण्याइतपत तिला येत होतं. पदर मनगटाला गुंडाळून ती बसली, हळूहळू बकेट खाली आणली, दात वाटीतल्या कुंकवाला टेकवला आणि तसाच ठेवला. दात जागचा हलला नाही.

मग हिंदुराव सीटवर बसला. दांड्यावर हात ठेवला की बकेट थरथरायची, उचलला की थांबायची. त्याने उजवा हात डोळ्यांसमोर धरला. अंगठा बारीक थरथरत होता.

"कवापासनं हाय हे?"

"तुमची बशी वाजती चा पिताना. दोनेक वर्सं झाली असतील. म्हणून तर पेल्यातनं देते."

"मग बोलली न्हाईस ती?"

"मशीनवर हात हलायचा न्हाई तुमचा. मला वाटलं, बशीपुरतंच आसंल."

हिंदुरावाला भीती वाटली, आणि लाजही. डबी सांध्यांची झीज लपवत होती तशी त्याचीही लपवत होती. डॉक्टरकडे कधीच जायला हवं होतं. त्याऐवजी तो शाबासक्या घेत राहिला, आणि खाली चरात वैजंता मान ताठ ठेवून उभी राहत होती.

"'हो' दाबतो," तो घाईने म्हणाला. "सकाळपत्तोर शिकंल. कुणाला कळायचं न्हाई."

"आणि मी चरात उतरायचं?"

त्याने बोट मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी गल्ली जमली तेव्हा सीटवर वैजंता होती, मनगटाला पट्टी बांधलेली. ताट हिंदुरावाच्या हातात होतं. माणसं कुजबुजली. ताटात नारळ डुगडुगत होता, निरांजनाची ज्योत थरथरत होती. बकेट खाली आली, क्षणभर थांबली, ताट जरा स्थिरावल्यावर दाताने कुंकू उचललं आणि नारळाला लावलं. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या पाटलीणकाकी तेवढ्या बकेटकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर ताटावर होती.

हिंदुरावाने ती नजर चुकवली नाही. ताट खाली ठेवून तो मशीनपाशी गेला. पडद्यावर अक्षरं आली होती: 'नवा हात ओळखला. शिकू का?'

"हो म्हण," तो हळूच म्हणाला. "तुझ्याकडनं तरी चूक व्हायला नको. आता चरात मी असणार."

वैजंताने आपला हात उताणा करून पाहिला, उलटा करून पाहिला. तो अगदी स्थिर होता.

"आणि उद्या ह्यो हालाय लागला," तिने विचारलं, "तर मला सांगणार कोण?"