आतली ओल

तळघरं कोरडी करणं हा माझा धंदा. क्लीव्हलँडच्या पश्चिमेकडे आमच्या भागात घर म्हटलं की त्याखाली तळघर आलंच, आणि बर्फ वितळायला लागला की प्रत्येक घरमालकाला माझी आठवण होते. एरवी दुकानात ओळख न दाखवणारी माणसं मार्च महिन्यात मला घरात बोलावून कॉफी पाजतात. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. ओल दिसली की ती कुठून आली एवढंच बघायचं, आणि चिकाटी धरली तर भिंत उत्तर देते, हा माझा अनुभव. मिसेस झेलिंकांच्या भिंतीनंही उत्तर दिलं, म्हणून तर हे सांगायला बसलो.

इरेना झेलिंका सत्तरी ओलांडलेल्या. नवरा ओटो जाऊन काही वर्षं झाली होती, घरात त्या एकट्याच. दार उघडताच म्हणाल्या, "ये रे रॉय. तुम्ही तळघरवाले आणि दंतवैद्य एकाच माळेचे मणी. आधी गोड बोलून विचारायचं, कुठं दुखतंय, आणि मग सगळंच खणून ठेवायचं."

"खणणार नाही, मिसेस झेलिंका. आधी बघू तर द्या."

"बघ की. पण खसखशीचा रोल खाऊन मग उतर. उपाशी माणसाला भिंतीत नुसत्या भेगा दिसतात."

खाली उतरलो तर तळघर कडकडीत कोरडं. कपडे धुण्याचं मशीन, लोणच्याच्या बरण्यांचं फडताळ, कुठं बुरशीचा ठिपका नाही. ओटोनं भिंतीच्या कडेनं फरशी फोडून पाणी वाहून नेणारी नळी घातली होती, कोपऱ्यातल्या खड्ड्यात पंप बसवला होता. सगळं काम हातचं न राखता केलेलं. मग त्यांनी टोकाचं एक दार उघडलं आणि वास आला. ओल्या लोकरीचा, कुजक्या कागदाचा, आणि त्याच्या तळाशी अगदी पुसट, छातीला चोळायच्या मलमाचा.

एक पलंग, एक गिटार, खुंट्यांवर जॅकेटं. सगळ्यांवर हिरवट लव चढली होती.

"माझ्या मार्टीची खोली," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांचा होता. दमा होता त्याला. याच पलंगावर गेला, पहाटे... आणि मी वर झोपले होते."

मी भिंतीवर तळवा टेकवून पाहिला. ओला झाला.

"डॉक्टरांनी सांगितलं, याला ओल बाधते. म्हणून ओटोनं ही खोली डबीसारखी बंद केली. खिडकी काढून तिथं काचेच्या विटा बसवल्या. फट दिसेल तिथं लिंपलं. दाराला रबर लावलं. दरवर्षी ईस्टरच्या आधी भिंतींना पाणी न शिरू देणाऱ्या रंगाचा हात. तरी ओल यायचीच. ओटो शिव्या द्यायचा, कुठून शिरते ही भवानी, आणि पुन्हा लिंपायला बसायचा." त्यांनी एका जॅकेटला नुसतं बोट लावलं. "परवा याची बाही माझ्या हातात आली बघ. पोराची एवढीच खूण राहिलीय. ही वाचव, रॉय. बाकी घर बुडालं तरी चालेल."

आमच्या धंद्यात एक साधी परीक्षा असते. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा चौकोन भिंतीवर ठेवायचा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि दार लावून निघून जायचं. दुसऱ्या दिवशी फॉइलच्या मागं पाणी असेल तर ओल बाहेरच्या मातीतून येते. फॉइलच्या वर, खोलीच्या बाजूला असेल तर ती खोलीतल्याच हवेची असते. लोक कपडे वाळत घालतात, आंघोळी करतात, श्वास घेतात, त्याची. ओटोनं ही परीक्षा कधी केलीच नसावी. आपल्याकडचे घरमालक अशीच चूक करतात. पाणी म्हटलं की ते बाहेरून येतं, असं धरूनच चालतात.

मी पलंगाच्या उशाशी फॉइल लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कडेची चिकटपट्टी सोडवली. फॉइलची मागची बाजू कोरडी ठणठणीत. पुढच्या बाजूला, उशीच्या वर वीतभर उंचीवर, ओलीचा एक गोल डाग होता. मी तो बाहीनं पुसला. तो परत आला. आला आणि आक्रसला, मग पुन्हा पसरला. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी माझा श्वास रोखून धरला. डाग आक्रसला... पसरला... मध्येच थांबला, आणि कुणीतरी मोठ्या कष्टानं ओढून घ्यावा तसा पुन्हा पसरला.

मागं वळलो तर मिसेस झेलिंका दारातच उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"बाहेरून येत नाहीये ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"कधीच येत नव्हतं?"

मी फॉइलची कोरडी मागची बाजू त्यांना दाखवली.

"म्हणजे त्याच्या श्वासाचीच ओल. आणि आम्ही ती आत कोंडत होतो... तो असताना सुद्धा." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि फॉइलवरच्या त्या डागाकडे बघत राहिल्या. "ओटो हे न कळताच गेला, ते बरं झालं."

मला रडू आवरेना. त्या मात्र रडत नव्हत्या. काचेच्या विटांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "खिडकी फोडली तर काय होईल?"

"हवा खेळेल. वस्तू वाळतील, वाचतील."

"आणि तो?"

"मला नाही माहीत, मिसेस झेलिंका."

"मला मेल्या वस्तू नकोत आता." त्या उठल्या. "अजून गुदमरतंय रे माझं पोर. फोड."

मी बाहेरून छिन्नी-हातोडा चालवला. एक काचेची वीट सुटली, आणि त्या भोकातून पांढरी वाफ बाहेर पडू लागली. थंडीत तोंडातून निघते तशी, पण थांबेचना. मिसेस झेलिंका मागच्या अंगणात बर्फाच्या रेंद्यात घरातल्या सपाता घालूनच उभ्या होत्या. वाफ त्यांच्या गुडघ्यांना लागून फाटकाकडे सरकली. त्या तिच्याकडे बघून म्हणाल्या, "टोपी घाल रे. वारं आहे."

मी सामान गाडीत टाकलं आणि निघालो. माझी गाडी जुनी, हीटर फक्त माझ्या बाजूला चालतो. वाटेत लक्षात आलं, शेजारच्या सीटसमोरच्या काचेवर वाफ धरली होती. फक्त तिथंच. पुसली तर पुन्हा धरली.

मी कोणाला बोललो नाही. काय बोलणार? रोज गाडी काढायचो, रोज ती काच धुरकटायची. हळूहळू मला भीती वाटेनाशी झाली. सिग्नलला थांबलो की मी रेडिओ जरा मोठा करायचो. एकोणीस वर्षांच्या पोराला आवडेलशी गाणी शोधायचो.

ईस्टर झाल्यावर एका दुपारी मी गाडीत असताना त्यांचा फोन आला.

"रॉय, खोली वाळली रे. बुरशी गेली, वास गेला. जॅकेटं कोरडी खडखडीत झाली."

"चांगलं झालं."

"चांगलं कसलं! आता तिथं कोणीच नाही. बसते जाऊन, तर नुसते कपडे." त्यांचा आवाज फुटला. "मी मोठ्या मनानं सोडला त्याला, पण मला नाही जमत. ती ओल... परत आणता येते का रे?"

इतक्या वर्षांत असं कोणी मागितलं नव्हतं. मी शेजारच्या काचेकडे पाहिलं आणि म्हणालो, "दारात थांबा, मिसेस झेलिंका. मी येतो."

पोराला आईकडे नेऊन सोडायचं, एवढंच डोक्यात होतं. "चल, घरी जाऊ," मी मोठ्यानं म्हणालो.

त्यांच्या गल्लीला वळेपर्यंत सगळं ठीक होतं. वळलो आणि काच भराभर भरू लागली. वाफ येत होती, विरत होती, येत होती, कुत्र्यानं धापा टाकाव्यात अशी घाईनं. काचेवरून पाण्याचे ओघळ वाहू लागले. आणि मग मला ऐकू आली बारीक शिट्टी, दम लागलेल्या छातीतून येते ती.

पोर्चवर मिसेस झेलिंका उभ्या होत्या. केस नीट विंचरलेले, कोट न घालताच. गाडी दिसताच त्यांनी हात वर केला.

मी गाडी थांबवली नाही.

आरशात त्या लहान होत गेल्या, हात तसाच वर. कोपरा ओलांडून तळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा शिट्टी थांबली. शेजारच्या दाराचं, काच उतरवायचं हँडल हळूहळू, आपोआप फिरलं आणि दाराची काच बोटभर खाली आली. गार वारं आत शिरलं. सीटवरचा माझा फोन वाजायला लागला. त्यांचाच होता. मी उचलला नाही.