पाडव्याच्या आदल्या रातीचं पेव

भुताला मी भीत नाही. अख्ख्या निरवांगीत माझ्या छातीचा दुसरा गडी दाखवा! आता रात्री परसाकडं जाताना म्हातारीला कंदील देऊन पुढं घालतो, ती गोष्ट वेगळी. भूत आलंच तर आधी तिची गाठ पडावी. तिच्या तोंडापुढं ते टिकायचं नाही.

बसा रं. ए भिमा, सातवी पास झालास म्हणून असा ताठ बसू नको. भूत शिकलेल्याला आधी धरतं.

ही गोष्ट माझ्या दोस्ताची, रामहरीची. दोन वर्षं झाली. सत्तावन्न सालचा पाडवा, त्याची आदली रात. एकतीस मार्च. आभाळात चंद्र नाही. उजाडलं की एक एप्रिल, आणि कूळकायद्यानं कसणाऱ्याची जमीन त्याची. रामहरी हिंदुरावांचं माळाचं रान वीस वर्षं कसत होता. सकाळी ते त्याचं होणार होतं. तेवढी रात काढायची होती.

हिंदुरावांना तुम्ही टोपीतच बघितलंत. लढाईच्या वक्ताला जरीचा फेटा होता. गोऱ्या साहेबाला कोंबडी कापायचे, गावची पोरं पलटणीत भरती करून द्यायचे. स्वराज्य आलं, फेटा गेला, पांढरी टोपी आली. कोंबडी तीच, साहेब तेवढा आपला. तर त्या लढाईत सरकार लेव्हीची ज्वारी सक्तीनं मापून न्यायचं. हिंदुरावांनी माळात पेव खणून आपली दडवली. विहिरीसारखा खड्डा, तोंड माणूस मावेल एवढंच, वर शिळा, शिळेभोवती चिखलाचं लिंपण. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. कोंडलेली हवा जीव घेते. आधी कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं.

ते पेव मालकाशिवाय एकट्या गेणबाला ठाऊक. गेणबा हिंदुरावांचा गडी, आणि या भिमाचा बाप. खाली बघू नको रं, तुझ्यासाठीच सांगतोय. तू तेव्हा पाळण्यात होतास. एक दिवस गेणबा दिसेना. हिंदुराव म्हणाले, "पलटणीत गेला. बर्माला." तेव्हा घरटी माणूस जात होतं, कोण विचारणार? लढाई संपली. माणसं परत आली, कुणी बूट घालून, कुणी एक पाय तिकडंच ठेवून. तुझी आई, कुशाबाई, इंदापूरच्या कचेरीत जाऊन आली. यादीत नावच नाही. कुंकू मात्र तिनं आजतागायत पुसलं नाही.

तर त्या रात्री दहाला हिंदुराव रामहरीच्या दारात आले. हातात कंदील, खांद्यावर दोर.

"रामहरी, माळात माजं लढाईतलं पेव हाय, त्यात जुनी ज्वारी पडलीया. काढून घिऊ. उद्यापास्नं रान तुजं."

"सकाळी काढू की, मालक."

"सकाळी मालक तू. मला तुज्या रानात पाय ठिवाय लावू नगं."

गडी पाघळला. गेला. शिळा आधीच पहारीनं सरकवलेली.

"कंदील सोडतो आदी," रामहरी म्हणाला.

"दिवसभर उगडंच हाय. वीस वर्सांत माजा इस्वास न्हाय व्हय?"

रामहरी लाजला. उद्याचा मालक, पण त्या रातीपुरता कूळच. दोर धरून उतरला.

पाय टेकले. ज्वारी नव्हती. पायाखाली कडकन मोडलं. चाचपलं... बरगडी. मग कवटी. मागून फुटलेली. कुदळीचं पातं अजून आतच.

वरून दोर येऊन पडला. सबंधच्या सबंध.

"मालक..."

"गेणबाबी मालकच म्हनला हुता."

शिळा सरकू लागली. वरच्या चांदण्या अर्ध्या झाल्या. छाती भरली. श्वास येईना...

कुणीतरी त्याचे घोटे धरले.

गार हात. खालून.

ओरडला. पण ते हात ओढत नव्हते... उचलत होते. तळव्याखाली खांदा आला. वर. आणखी वर. पेवाची कड हाताला लागली.

पहार बोटांवर बसली. एकदा. दोनदा. दोन्ही हातांची बोटं चेचली. रामहरीनं कड सोडली नाही. कोपरं टेकून अंग बाहेर ओढलं.

त्याच्या मागोमाग भोकातून हात आला. नुसता हाडांचा.

हिंदुरावांचा पाय धरला.

"गेणबा... न्हाय... गेण..."

डोकं कडेवर आपटलं. नारळासारखं. माणूस आत गेला. मग खालून मोडण्याचा आवाज... एकेक हाड... बराच वेळ.

मग काहीच नाही.

रामहरी माझ्या दारात आला तेव्हा हातातनं रक्त गळत होतं. उजाडता आम्ही माळावर गेलो. गावात गुढ्या उभ्या राहत होत्या. पेव बंद. शिळा जागेवर. सगळीकडनं लिंपलेलं, चिखल ओला, आणि त्यात पंजा उमटलेला. हिंदुराव कुठं गेले म्हणून पोलीस गावभर विचारत फिरले. त्या लिंपणाला कुणी बोट लावलं नाही. रामहरीनं वर पत्रा टाकलाय; दोन पावसाळे गेले, पंजा तसाच आहे.

भिमा, तुझ्या बापाचा पंजा.

भिमा उठला. कंदील उचलून माझ्याजवळ आणला.

"तात्या, म्या बगून आलोय त्यो पंजा. पाच बोटं हायती. माज्या बाचं एक बोट कडबा तोडताना गेलं हुतं, आई सांगती. रामहरीतात्याची तर चेचलेली. हात म्होरं करा बगू."