बंका म्हणजे पंखा

पंख्याचं चित्र समोर धरलं, तर अर्बाब सैफ म्हणाले, "बंका."

देविकानं चुकीची खूण करायला पेन टेकवलं, तोच अर्बाबांच्या चाकाच्या खुर्चीमागून कुणीतरी फिस्सकन हसलं! तिच्या बिल्ल्यावरचं 'देविका साठे' त्यानं वाचलं असावं, कारण बोलला तो थेट मराठीत.

"बरोबर आहे की, मॅडम! बंका म्हणजे पंखा. शब्द आपल्याकडूनच आलाय इकडे."

देविकाला राग आला. मस्कतच्या या दवाखान्यात पक्षाघातानंतर वाचा अडखळलेल्यांची तपासणी तीच करायची. अरबी शिकली होती, अगदी रीतसर. पुस्तकात पंख्याला 'मिर्वहा' म्हणतात. हा कोण टिकोजीराव तिला शिकवणारा?

टिकोजीरावांचं नाव सलील. मूळ गुहागरचा, मस्कतच्याच गाला भागातलं अर्बाबांचं, म्हणजे मालकांचं, गॅरेज सांभाळायचा. अरबी शिकला होता गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून.

तिनं मुद्दाम बुटाचं चित्र काढलं. "जूती," अर्बाब म्हणाले. आता मात्र तिलाच हसू फुटलं. म्हणजे अर्बाबांचे शब्द तिला वाटले तितके हरवले नव्हते. ते घरचे होते, इतकंच.

मग दर मंगळवारी सलील अर्बाबांना घेऊन यायचा, आणि तिच्यासाठी गरमागरम करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा.

अर्बाबांचा शब्द अडला की देविका पहिला आवाज काढून द्यायची. सूर्याचं चित्र... "श..." आणि अर्बाब खुशीत म्हणायचे, "शम्स!"

"माझं असं अडलं तर?" सलीलनं एकदा विचारलं.

"तुमचं? आधी तोंड बंद तर होऊ दे!"

आणि एका मंगळवारी कळलं, अर्बाबांचा मुलगा त्यांना कायमचं दूर निझवा गावाला नेणार. ही शेवटचीच खेप. देविकानं सलीलकडे पाहिलं. आता कुठल्या निमित्तानं येणार हा?

तपासणी संपली. सलील खुर्चीची मूठ धरून उभाच. एवढा बडबड्या माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना.

"देविका... म्हणजे... तू मला..."

तू? मॅडम कुठे गेली? त्याचे कान लालबुंद झाले होते. पुढचा शब्द काही केल्या येईना. अडलेल्याला हात देणं हेच तर तिचं काम.

"आ..." तिनं हळूच सुरुवात करून दिली.

"आ... आवडतेस!"

अर्बाबांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी ते मिशीत हसले आणि देविकाकडे बघत म्हणाले, "यल्ला!" चल, आता तुझी पाळी!

"मला पण..." देविका म्हणाली, "तू मला..." आणि तिचाच शब्द अडला. सगळ्यांना बोलतं करणारी बाई, ऐन वेळी मुकी!

अर्बाब खुर्चीतून पुढे झुकले. ती दर मंगळवारी त्यांच्यासमोर करायची तसंच, अगदी तसंच, त्यांनी तोंड उघडलं.

"आ..."

"आवडतोस," देविका म्हणाली.