खाली बसणाऱ्यांनी घेऊ नये

चंदननं सुरुवातच अशी केली की, दारात उभ्या असलेल्या मुलीला तो ‘ताई’ म्हणाला.

“सुरभीताई इथंच राह्यते काय?”

“मीच सुरभी.”

तो गडबडला. आपला धंदा बुडवणारी बाई पन्नाशीची, जाड चष्म्याची असणार असं तो कारंज्याहून नालवाडीपर्यंत गाडीवर मनाशी घोकत आला होता. हे त्यानं नंतर कबूल केलं. त्या दिवशी मात्र नुसता हातातल्या हेल्मेटकडे बघत राहिला.

दोन हजार नऊ सालची गोष्ट. चंदन गुडघ्याचे परदेशी पट्टे वेबसाइटवर विकायचा. पट्ट्याच्या चित्राखाली लोकांची मतं असत. सगळी इंग्रजीत, सगळी गोड. सुरभी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आईसाठी घेतलेल्या पट्ट्याबद्दल तिनं तिथूनच लिहिलं, इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत: ‘पट्टा चांगला हाय, पण खुर्चीवर बसणाऱ्याले. माही माय खाली बसून गोधड्या शिवते, तिच्या मांडीत रुतते. खाली बसणाऱ्याईनं घेऊ नये.’

त्या तीन ओळी सगळ्या जिल्ह्यानं वाचल्या असाव्यात. महिन्याला चाळीस पट्टे जायचे, ते सहावर आले.

“साइट तुमचीच हाय ना?” सुरभीनं विचारलं. “एक बटन दाबलं की माहं मत पुसलं जाते. इतक्या दूर काऊन आले?”

“पुसणारच होतो...” तो म्हणाला. “पण वाचताना हसू आलं. म्हटलं, पह्यले पाहून तर घ्यावं, खरं हाय का ते.”

आतून कमलाबाईंनी, म्हणजे सुरभीच्या आईनं, हाक मारली. “ये बाबू. बांध तो पट्टा अन् बस माह्याजवळ.”

चंदन पट्टा बांधून मांडी घालून बसला. पाचव्या मिनिटाला त्याचा चेहरा बदलला, दहाव्या मिनिटाला त्यानं पट्टा सोडला. सुरभी तोंडाला ओढणी लावून हसली. तो गुडघा चोळत तिच्याकडे बघतच राहिला, आणि ते कमलाबाईंना दिसलं.

“दिवाळीपर्यंत माल नाई गेला तर बाबा साइट बंद करणार,” निघताना तो म्हणाला. “मग किराण्याच्या गल्ल्यावर बसा लागते, जन्मभर.”

सुरभीला फार वाईट वाटलं. “मग मी पुसते ना... उद्याच.”

“नोका पुसू. खरं हाय ते.”

त्यानं तिचं मत सगळ्यात वर नेऊन ठेवलं. ऑर्डर आली की फोन करून विचारू लागला, तुम्ही खाली बसता की खुर्चीवर? रिटायर मास्तर, बँकेतले लोक, दुकानदार घेऊ लागले. जो माणूस ‘घेऊ नका’ म्हणतो त्याच्याकडूनच घ्यावं, असं लोकांना वाटू लागलं असावं.

मग तो दर शुक्रवारी नवं खोकं घेऊन यायचा. कमलाबाई वापरायच्या, सुरभी लिहायची. पाय दाबायचं यंत्र पसंत पडलं. मानेच्या उशीबद्दल तिनं लिहिलं, ‘आईनं मांजरीले देली, ती खुश हाय.’ उशीही खपली, कोणासाठी कोण जाणे! गुरुवारी सुरभी केस धुवायची आणि शुक्रवारी त्याच्या गाडीच्या आवाजावर कान ठेवून बसायची. तिला तो आवडत होता. पण त्या ‘ताई’चं काय करावं, हे तिला कळत नव्हतं.

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी तो रिकाम्या हातानं आला.

“खोकं नाई आणलं?”

“सारा माल गेला. बाबा काही बोलले नाई, म्हंजे साइट राह्यली.” तो उंबऱ्याशीच थांबला. “एक काम होतं... पह्यल्या दिवशी मी तुम्हाले ताई म्हटलं होतं ना... तेवढं पुसाचं होतं.”

सुरभीचे कान गरम झाले, तरी ती गंभीरपणे म्हणाली, “मी पुसत होते तर तुम्ही नोका म्हटलं. अन् आता?”

“ते खरं होतं,” तो म्हणाला. “हे... हे खरं नाई.”

आत कमलाबाईंची सुई थांबली होती.

“असं हाय,” सुरभी म्हणाली, “लिहिलेलं मी पुसत नाई. पण ते तर तुम्ही नुसतं बोलले होते.”

त्यानं उंबरा ओलांडला. मग आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला, “सुरभी.”