आजार नसलेला रुग्ण

“तुम्हाला कॅन्सर झालेला नाही,” निरखी हर्षालीच्या बाबांना म्हणाली. “पण उपचार आत्ताच सुरू करायला हवेत.”

हर्षाली बुचकळ्यात पडली. आजारच नाही, तर उपचार कशावर करायचे?

निरखी म्हणजे तोंड तपासणारा यंत्रमानव. ती उंचीने सहावीतल्या हर्षालीएवढीच होती आणि तिच्या एका बोटाच्या टोकाला निळा दिवा होता. एका सरकारी संशोधन केंद्राची गाडी तिला घेऊन सावरटोल्याच्या आठवडी बाजारात आली होती. हर्षालीचे बाबा, मोरेश्वर भोयर, भातगिरणीत कामाला होते आणि दिवसभर गालात खर्रा (सुपारी आणि तंबाखूचं घोटलेलं मिश्रण) धरायचे. हर्षालीनेच हट्ट करून त्यांना निरखीसमोरच्या स्टुलावर बसवलं होतं.

“या मशीनलेच काई समजत नाई,” बाबा उठत म्हणाले. “दुखत नाई, खुपत नाई. चाल वं, घरी चाल.”

“भाऊ, मलाही समजलं नाही,” गाडीच्या दारातून एक बाई म्हणाल्या. “आपण दोघं मिळून डॉक्टरांनाच विचारू या का?”

त्या शकुंतला मडावी, त्या भागाच्या आमदार. सगळे त्यांना शकुताई म्हणत. खुद्द आमदारांनीच ‘समजलं नाही’ म्हटल्यावर बाबांना निघून जाता येईना. ते पुन्हा बसले.

केंद्राच्या शास्त्रज्ञ डॉ. मीनल खोब्रागडे यांनी निरखीला खूण केली. गाडीच्या भिंतीवर बाबांच्या गालाच्या आतलं चित्र उमटलं. निळ्या उजेडात निरोगी भाग हिरवट चमकत होता. एक डाग मात्र काळपट दिसत होता.

“आपलं शरीर पेशींचं (अगदी बारीक, जिवंत विटांचं) बनलेलं असतं,” डॉ. मीनल सांगू लागल्या. “जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. नवी पेशी तयार होताना जुनीतल्या सगळ्या जनुकांची (पेशीने कसं वागायचं, या सूचनांची) नक्कल करावी लागते. हर्षाली, फळ्यावरचा मोठा उतारा लिहून घेताना तुझ्या चुका होतात?”

“होतात. मग मी खोडून नीट लिहिते.”

“पेशीही तेच करते. पण कुणी तुला सारखं ढकलत असेल आणि तोच उतारा पुन्हा पुन्हा लिहायला लावत असेल, तर?”

“तर काही चुका राहूनच जातील.”

“खर्रा नेमकं तेच करतो. सुपारीचे तुकडे गालाला घासतात, पेशी मरतात, म्हणून नक्कल वारंवार करावी लागते. तंबाखूतली रसायनं तर सूचनाच बिघडवतात. अशा बऱ्याच चुका साठल्या आणि ‘आता वाढणं थांबव’ ही सूचनाही बिघडली, की पेशी वाढतच सुटतात. तो कॅन्सर.”

“आणि हा डाग?” शकुताईंनी विचारलं.

“इथे चुका साठायला लागल्यात, पण अजून तिथवर गेलेल्या नाहीत. खात्रीसाठी छोटा तुकडा काढून तपासायचा, गरज पडली तर डाग काढून टाकायचा आणि खर्रा सोडायचा. धोका पुष्कळ कमी होतो. याला प्रतिबंध (आजार होण्याआधीच अडवणं) म्हणतात.”

बाबा त्या काळपट डागाकडे बघत राहिले. “अन् हा खर्रा सुटन का, डॉक्टरबाई?” त्यांनी हळूच विचारलं.

“एकट्याने अवघड आहे. आम्ही मदत करू. मात्र मार्चनंतर ही गाडी येईल की नाही, ते मला सांगता येत नाही. सरकारी मदत तेव्हा संपते.”

पुढच्याच आठवड्यात शकुताई केंद्रात हजर झाल्या आणि मग येतच राहिल्या. सूक्ष्मदर्शकातून (बारीक गोष्ट मोठी करून दाखवणाऱ्या यंत्रातून) पेशी बघायच्या, डॉ. मीनलना प्रश्न विचारून भंडावून सोडायच्या. बाबांवर तिथेच उपचार सुरू होते. डाग काढून झाला होता. खर्रा सोडणं मात्र फार जड गेलं. मध्ये ते एकदा घसरले, खूप खजील झाले आणि पुन्हा पहिल्यापासून प्रयत्नाला लागले. हर्षाली त्यांच्याबरोबर यायची. शकुताई तिला समोर बसवायच्या.

“मी विधानसभेत जे बोलणार आहे ते तुला सांगते. जिथे समजणार नाही, तिथे मला अडव.”

हर्षालीने अडवलं. “ताई, हे काम औषध कंपन्या का नाही करत?”

“कंपनी औषध विकते,” शकुताई सावकाश म्हणाल्या. “पण तुझ्या बाबांना जो आजार होणारच नाही, त्यावर ती काय विकणार? जे सगळ्यांच्या गरजेचं आहे, पण ज्यात कुणाचाच धंदा नाही, ते सगळ्यांनी मिळून करायचं असतं. सरकारचा पैसा म्हणजे सगळ्यांचाच पैसा.”

त्यांच्या कार्यकर्त्यांना हे पटत नव्हतं. “ताई, त्यापेक्षा रस्ता मागा. रस्ता लोकांना दिसतो. न झालेला आजार कुणाला दिसणार? पुढची निवडणूक जाईल हातची!”

“जाईल कदाचित,” शकुताई म्हणाल्या, आणि त्यांनी रस्त्याची मागणी मागे ठेवली.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं. हर्षाली आणि बाबा प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले होते. शकुताई बोलायला उभ्या राहताच एक आमदार मोठ्याने म्हणाले, “हा यंत्रमानव धडधाकट माणसांना रुग्ण करून ठेवतो! आजवर त्याने किती जणांचा कॅन्सर बरा केला, ते सांगा.”

“एकाचाही नाही,” शकुताई म्हणाल्या.

सभागृहात हशा पिकला. हर्षालीचे कान तापले. शकुताई मात्र हसू ओसरेपर्यंत शांत उभ्या राहिल्या.

“कारण आम्ही तो होण्याआधीच गाठायला निघालोय. बरा झालेला रुग्ण आपल्याला भेटतो, आभार मानतो. जो आजारीच पडला नाही तो गिरणीत पोती उचलत असतो, मुलीचा अभ्यास घेत असतो. तो कधी आपल्यासमोर येत नाही. आज एक जण आलेत. त्यांना विचारूनच सांगते, ते वर बसलेत. सावरटोल्याचे मोरेश्वर भोयर.”

गॅलरीत उभं राहायची परवानगी नव्हती. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसून राहिले. खालच्या सगळ्या माना वर वळल्या होत्या.

“आणखी एक खरं सांगते,” शकुताई म्हणाल्या. “प्रत्येक डागाचा कॅन्सर होत नाही. कुठल्या डागाचा होईल, हे आज विज्ञानाला नक्की सांगता येत नाही. म्हणून नुसत्या तपासणीच्या गाड्या पुरणार नाहीत, संशोधनही हवं. आपण ते सगळ्यांच्या पैशातून केलं, तर मिळालेलं उत्तरही सगळ्यांचं असेल.”

आता कुणी हसलं नाही. अर्थमंत्र्यांनी उत्तर देताना केंद्राचं संशोधन चालू ठेवायचं आणि भात पिकवणाऱ्या साऱ्या पट्ट्यात गाड्या पाठवायचं मान्य केलं. बाकं वाजली. प्रश्न विचारणारे आमदारही बाक वाजवत होते.

बाहेर आवारात बाबांनी शकुताईंना हात जोडले. मग ते सगळ्यांसाठी चहा आणायला गेले.

“ताई,” हर्षालीने विचारलं, “कुठला डाग बिघडणार, हे ओळखता यायला किती वर्षं लागतील?”

“मीही मीनलताईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. कदाचित तेव्हा मी आमदारही नसेन.”

“मग तुम्ही एवढ्या भांडलात कशाला?”

शकुताई हसल्या. “तेव्हा तू मोठी झालेली असशील ना,” त्या म्हणाल्या.